व्यायच्या आधीचे दोन महिने

संगमनेर, ३० जानेवारी

चि. रोहन यास,


काल फोनवर तू दोन गोष्टी सांगितल्यास. तुझी बांडी गाय बसली की मागून मुठीएवढा लालसर गोळा दिसतो आणि उठली की आत जातो. आणि ती अजून चार लिटर देते म्हणून तू तिला आटवलेली नाहीस. पहिलं सांगताना तुझा आवाज घाबरलेला होता, दुसरं सांगताना खुशीत. मला दोन्हींचा सारखाच घोर लागला. फोनवर सगळं बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी तो गोळा. याला आपल्याकडे अंग बाहेर येणं म्हणतात. शेवटच्या महिन्यांत वासरू वाढतं, पोटात दाब होतो, व्यायच्या वाटेचे बंध सैल पडतात आणि गाय बसली की सगळा भार मागे येतो. तुझ्या गोठ्यात हा भार आणखी वाढतो, कारण मूत वाहून जावं म्हणून तू मागच्या बाजूला चांगलाच उतार काढला आहेस. आजच तिला वेगळी बांध. मागच्या बाजूला मुरूम टाकून चोप आणि वर रबरी मॅट घाल. पुढच्यापेक्षा मागची बाजू निदान अर्धा फूट उंच हवी. वैरण एकदम पुढ्यात ढीगभर टाकू नकोस, तेवढीच चार-पाच वेळा घाल. बुरशी लागलेला मका तर तिच्यापुढे येताच कामा नये. शेण घट्ट होऊ देऊ नकोस, कारण कुंथली की अंग आणखी बाहेर येतं. बाहेर आलेल्या भागाला शेणमाती लागली तर स्वच्छ गार पाण्याने धू, आणि कुत्रं, कावळा जवळ फिरकू देऊ नकोस.

ती उभी राहूनही गोळा आत गेला नाही, तर त्यावर ओलं स्वच्छ फडकं धर आणि डॉक्टरांना बोलाव. स्वतः ढकलायला जाऊ नकोस. डॉक्टर शेपटीच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन देतात, त्याने कुंथणं थांबतं. मग अंग आत बसवून गरज वाटली तर टाके घालतात. टाके घातले तर ते कळा सुरू होताच काढायचे असतात, हे घरात सगळ्यांना सांगून ठेव. तू बाजारला गेलेला असशील आणि घरी कुणाला माहीतच नसेल, असं होऊ नये. टाके राहिले तर एक तर वासरू आत अडकतं, नाही तर गाय फाटते. हा त्रास पुढच्या वेतातही होतो आणि कालवडींत उतरतो. ही गाय पुन्हा भरवायची का, याचा निर्णय व्यायल्यावर शांतपणे घे.

आता दुधाचं. १२ जूनला तू रेतन केलंस. २८० दिवस धरले तर १९ मार्च येतो, आठ-दहा दिवस इकडेतिकडे. साठ दिवस आधी आटवायची म्हणजे १८ जानेवारीलाच धार थांबायला हवी होती. बारा दिवस उशीर झाला आहे. गर्भाची दोन-तृतीयांश वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते आणि कासेला नव्या वेतासाठी विसावा याच काळात मिळतो. आजच्या चार लिटरचा हिशेब तुला पुढचं अख्खं वेत चुकवावा लागेल. खुराक आजपासून कमी कर. डॉक्टरांना बोलावून शेवटची धार पूर्ण काढ, चारही सडांत औषधाच्या ट्यूबा सोडून घे आणि मग कासेला हात लावू नकोस. तीन-चार दिवस कास ताठ दिसेल, त्याला भिऊ नकोस. पण गरम आणि लाल झाली तर लगेच कळव. व्यायला तीन आठवडे राहिले की खुराक परत हळूहळू वाढव, पण तिच्या अंगावर चरबी चढू देऊ नकोस. लठ्ठ गाय व्यायला अडते आणि व्यायल्यावर खाणं सोडते.

कॅल्शियमच्या बाटलीबद्दलही सांगते, कारण दुकानदार तुला ती आत्ताच पाजायला सांगेल. शेवटच्या तीन आठवड्यांत पाजू नकोस, लसूणघासही कमी कर. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतलं काढून घ्यायची शरीराची सवय सुटते. व्यायल्यावर चिकातून ते एकदम जायला लागतं आणि गाय आडवी पडते. कान थंड, मान कुशीकडे वळलेली, उठता येत नाही, असं दिसलं तर तो दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग गार असतं. डॉक्टर शिरेतून सावकाश कॅल्शियम देतात आणि वेळेवर दिलं तर बहुतेक गाई उठून उभ्या राहतात. तोंडाने बाटल्या ओतू नकोस, अशा वेळी तिला धड गिळता येत नाही आणि औषध फुप्फुसात जातं.

माझ्या म्हशीचं तुला अजून सांगितलेलं नाही. तिसऱ्या वेताला ती रात्रभर ऊठबस करत होती, पाय झाडत होती, मधूनच कुंथत होती, पण पाणमोट दिसत नव्हती. कळा मंद आहेत म्हणून मी गूळ-ओव्याचा काढा पाजला आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. डॉक्टरांनी हात घालून सांगितलं, गर्भाशयाला पीळ बसलाय. पाय बांधून, कुशीवर फळी ठेवून तिला लोळवलं. तिसऱ्या खेपेला पीळ सुटला. रेडकू मेलेलं निघालं. म्हैस वाचली, पण ती रात्र माझ्यामुळे वाया गेली होती. हे म्हशींत जास्त होतं, पण गाईंतही होतं. दिवस भरलेत, अस्वस्थ आहे आणि पाणमोट नाही, एवढं दिसलं की थांबायचं नाही. आणि लोळवणं हे आपलं काम नव्हे. ज्या बाजूचा पीळ त्याच बाजूला लोळवायचं असतं. बाजू चुकली तर पीळ आणखी आवळतो.

पाणमोट फुटली की घड्याळ बघ. दोन पुढचे खूर आणि त्यावर नाकाडं दिसलं तर तिला तिच्या गतीने विऊ दे. तासाभरात काहीच पुढे सरकलं नाही, किंवा एकच पाय, नुसती शेपटी, नुसतं डोकं दिसलं, तर फोन कर. चार माणसं लावून ओढू नकोस. अशा ओढण्याने मागचे पाय कायमचे गेलेल्या गाई मी पाहिल्या आहेत. वार बारा तासांत पडली नाही तरी ओढायची नाही, तिला दगड बांधायचा नाही.

आणि देव न करो, पण शेवटच्या महिन्यांत गाय गाभडली, तर उघड्या हातांनी काहीही उचलू नकोस. ब्रुसेलोसिस असेल तर तो माणसाला लागतो आणि ताप महिनोन् महिने येत-जात राहतो. हातमोजे घाल, गर्भ आणि वार चुना टाकून खोल पूर, आणि रक्ताची तपासणी करून घे.

डॉक्टरांचा नंबर आणि पशुसंवर्धनचा १९६२ गोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिही. मोबाईलमधला नंबर त्या वेळी तुझ्या आईला सापडणार नाही. १२ मार्चला मी तिकडे येते आणि ती व्याईपर्यंत राहते. तोपर्यंत दर संध्याकाळी मला तिचं सांगत जा. उद्या सकाळी मात्र आधी मुरूम आण आणि डॉक्टरांना बोलावून तिला आटव.

तुझी आत्या