अंगदुखी, सांधेदुखी आणि ऑस्टिओपॅथी

कंबर, मान वा गुडघा दुखत असल्यास ऑस्टिओपॅथीचा उपयोग होतो का, अशी पृच्छा रुग्णांचे नातेवाईक वारंवार करतात. ही पद्धती अमेरिकेतील डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ साली मांडली. १८९२ मध्ये कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले विद्यालय निघाले.

यात उपचारक हातांनी स्नायू दाबून, ताणून व सांधे हळुवार हलवून आखडलेपणा कमी करतो. त्याने काहींना आराम पडतो. परंतु झिजलेली कूर्चा भरून येत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने कंबरदुखीसाठी २०१६ साली व गुडघ्याच्या संधिवातासाठी २०२२ साली असे हस्तोपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत, असे सुचविले. उपचाराचा प्रत्येक दिवस खर्चाचा असतो. शिकलेला व्यायाम मात्र घरी विनामूल्य आयुष्यभर करता येतो.

पडल्यानंतरचे दुखणे, ताप, अकारण घटणारे वजन, पायातील शक्ती जाणे वा लघवीवरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही आढळल्यास मालीश वा हाडवैद्य यांत वेळ न दवडता तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांची पाठ वा मान झटक्याने मोडून घेऊ नये. केशकर्तनालयात मान मोडून घेण्याची सवय तर सर्वांनीच सोडावी, ही नम्र विनंती.