जंगल बंद करताना

2020च्या साथीत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने मासेमारी बंद केली, टर्कीच्या शिकारीचा हंगाम पुढे ढकलला, आणि तिथले शिकारी भडकले. सरकारी रानात एकटाच हिंडणारा माणूस कोणाला लागण देणार, हा त्यांचा सवाल होता. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार हा गुन्हाच आहे, त्यामुळे वर्धा जिल्ह्यात हा सवाल शिकाऱ्याच्या तोंडी शोभला नसता. पण मोह वेचणारी बाई आणि सरपणाची मोळी आणणारा म्हातारा यांच्या तोंडी तो तितकाच रास्त होता. त्या वर्षाच्या अनुभवातून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. जंगल सरसकट बंद केले की प्रामाणिक माणूस बाहेर राहतो आणि चोराचे फावते. बंदी घालायची तर ती कोण जातो आणि कशासाठी जातो हे पाहून घालावी.

बंदीमागे कारणच नव्हते असे मी म्हणणार नाही. 5 एप्रिल 2020 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातली वाघीण बाधित असल्याचे जाहीर झाले आणि देशभरच्या व्याघ्र प्रकल्पांत धास्ती पसरली. आपल्या जिल्ह्यातला बोर तर लहानसा व्याघ्र प्रकल्प, त्याचा गाभा जेमतेम 138 चौरस किलोमीटरचा. तिथे चार वाघ आजारी पडणे म्हणजे सगळाच खेळ संपणे. बाहेरगावच्या पर्यटकांनी भरलेल्या जिप्सी थांबवल्या हे बरोबरच झाले. गाईड आणि चालकांचा रोजगार बुडाला, त्यांना काही आधार द्यायला हवा होता, पण सफारी चालू ठेवा असे कोणी शहाणा म्हणाला नसता.

मोहाची गोष्ट वेगळी. फुले पहाटेपासून गळतात आणि ऊन चढायच्या आत टोपलीत यावी लागतात. उशीर झाला की हरणे खातात, अस्वल येते, उरलेली पायदळी तुडवली जातात. वेचलेली फुले अंगणात पसरून मनुकांसारखी तपकिरी होईपर्यंत वाळवायची, मग कुठे विकायची. हा हंगाम मार्च-एप्रिलचा, म्हणजे नेमका टाळेबंदीचा. केंद्राने आदिवासी व इतर वननिवासींना गौण वनोपज गोळा करण्याची मुभा 16 एप्रिलला दिली, तोवर तीन आठवडे उलटले होते. आणि वर्धा जिल्हा केंद्राच्या 1 मेच्या यादीतही रुग्ण नसलेल्या हिरव्या पट्ट्यात होता; पहिला रुग्ण आढळला तो 10 मेला. झाडाखाली वाकून, चार हात अंतर राखून काम करणाऱ्यांची गर्दी तरी कसली होणार?

कोणी म्हणेल, बंदीमुळे निदान जनावरे तरी वाचली. वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक इंडिया संस्थेच्या अहवालाने उलटेच दाखवले: टाळेबंदीआधीच्या सहा आठवड्यांत देशात शिकारीच्या 35 घटना नोंदल्या होत्या, टाळेबंदीच्या सहा आठवड्यांत 88. हा आकडा माध्यमांतल्या बातम्यांवरून काढलेला आहे, तेव्हा त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. तरी वाढ मुख्यतः मांसासाठी मारलेल्या जनावरांत दिसली, हे सूचक आहे. मजुरी थांबली, वनोपज थांबला आणि रानात पाहणारे डोळेही थांबले. फासे लावणारा रात्री जातो. त्याला दिवसा बंद असलेल्या फाटकाचे काय?

दुसरा आक्षेप वनरक्षकाचा: वेचणारा कोण आणि शिकारी कोण हे ओळखायचे कसे? त्याची अडचण खरी आहे, पण कायद्याने ती रेघ आधीच ओढली आहे. 2006चा वनहक्क कायदा गौण वनोपजावर मालकी देतो आणि पारंपरिक शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळतो. तिसरा आक्षेप खास आपल्या दारूबंदी जिल्ह्याचा: मोह म्हणजे हातभट्टी. सडवा गुळाचाही लागतो, म्हणून गुळाची दुकाने कोणी बंद करत नाही.

तरुणांना मात्र बजावून सांगतो. राग कितीही रास्त असो, फासे किंवा विजेची तार हा त्यावरचा मार्ग नाही. ब्रह्मपुरीहून आणून बोरमध्ये सोडलेली वाघीण ऑक्टोबर 2017 मध्ये कारंजा तालुक्यात शेताच्या कुंपणातल्या विजेने मेली. रानडुकरासाठी लावलेली तार वाघ, बैल, माणूस काही ओळखत नाही. त्यापेक्षा कागद तयार ठेवा. सामूहिक वनहक्काचा दावा नसेल तर दाखल करा. वेचणाऱ्या घरांची यादी, जायची-यायची वेळ आणि वाटा ठरवून ग्रामसभेचा ठराव करा, त्याची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात देऊन पोच घ्या. बंदीचा हुकूम आला की तोंडी ऐकू नका, लेखी मागा आणि त्यातल्या सवलती वाचा. हे सगळे पुढची साथ आल्यावर होणार नाही. मोहाचा हंगाम लागायच्या आधी, जानेवारीच्या ग्रामसभेतच हा विषय घ्या.