एचआयव्ही तपासणी : रक्त तुमचं, परवानगीही तुमचीच



नर्सची नोकरी सोडून मला बरीच वर्षं झाली, पण एक केसपेपर अजून विसरता येत नाही. आपल्या खान्देशातल्याच एका वस्तीतली पोर, पहिलटकरीण. तिला न विचारता रक्त तपासलं आणि केसपेपरवर लाल शाईनं मोठ्ठं 'पॉझिटिव्ह' लिहिलं. ज्याच्या हाती तो कागद गेला, त्यानं वाचला. संध्याकाळी वस्तीला कळलं, तिला स्वतःला दुसऱ्या दिवशी. आठवड्यात नळावरच्या रांगेतून तिचा हंडा बाजूला काढला गेला. ती मला म्हणाली, "ताई, मना काय गुन्हा शे?" मी तिथली नर्स होते. त्या लाल शाईबद्दल मीही तोंड उघडलं नव्हतं.

१९२७ साली बाबासाहेबांच्या मागे आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायला महाडला गेली. त्यांच्याच नातवंडांच्या नळावर हे घडलं. पाण्यानं एचआयव्ही पसरतच नाही. म्हणून हा विषय आज नीट समजून घेऊ.

कायदा कसा आला?

१९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा हा तरुण नेहमीप्रमाणे रक्तदान करून आला. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला. आधी त्याला काही न सांगता पोलिसांनी नेलं आणि क्षयरोग्यांच्या जुन्या दवाखान्यात ६४ दिवस कोंडून ठेवलं. तेव्हाच्या गोव्याच्या कायद्यात अशा माणसाला वेगळं ठेवण्याची तरतूद होती. घरच्यांनी आणि वकिलांनी कोर्टात धाव घेतली, तेव्हा तो बाहेर आला.

पुढं मुंबईत एका सरकारी कंपनीतल्या हंगामी मजुराला केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून दूर केलं. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की, माणूस काम करायला सक्षम असेल आणि इतरांना त्याच्यापासून धोका नसेल, तर एवढ्या कारणानं काम नाकारता येणार नाही. कोर्टानं त्याचं खरं नाव जाहीर होऊ दिलं नाही. निकालात तो फक्त 'एमएक्स' आहे.

अशा लढ्यांतून २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा आला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे.

कायद्यातले तीन शब्द पाठ करा

१. संमती. तपासणी कशाची, कशासाठी, हे समजावून सांगून तुमची परवानगी घेतल्याशिवाय एचआयव्ही तपासणी करता येत नाही. तपासणीआधी आणि नंतर समुपदेशन झालं पाहिजे. गरोदरपणातही हाच नियम. अपवाद मोजके आहेत : कोर्टाचा आदेश, दान केलेलं रक्त किंवा अवयव तपासणं आणि नाव न जोडता होणारी साथीची पाहणी.

२. गोपनीयता. तुमचा रिपोर्ट तुमच्या संमतीशिवाय सासरी, मालकाला, शेजाऱ्याला सांगता येत नाही. जोडीदाराला धोका असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक आधी तुम्हालाच सांगायला लावतात. तुम्ही सांगितलं नाही, तर तुम्हाला कळवून ते जोडीदाराला सांगू शकतात. पण सांगितल्यानं बाईला मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची भीती असेल, तर त्यांनी सांगायचं नाही.

३. भेदभावबंदी. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याची खोली, सार्वजनिक पाणी, यांपैकी काहीही एचआयव्हीमुळे नाकारता येत नाही. राहत्या घरातून हाकलता येत नाही.

वैद्यकीय बाजू

एचआयव्ही चार वाटांनी येतो : निरोधाशिवाय संबंध, दूषित सुई, दूषित रक्त आणि आईकडून बाळाला. ताट, पाणी, डास, मिठी, एक संडास यांनी येत नाही.

तपासणी मोफत होते. जळगाव-धुळ्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात 'आयसीटीसी' विचारा. बोटभर रक्ताचा रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो. पहिल्या चाचणीत दोष दिसला, तर वेगळ्या किटनं पुन्हा तपासूनच पॉझिटिव्ह ठरवतात.

लागण झाल्यावर काही आठवडे चाचणीत ती दिसत नाही. याला 'विंडो पिरियड' म्हणतात. धोका होऊन थोडेच दिवस झाले असतील, तर निगेटिव्ह रिपोर्टवर निश्चिंत होऊ नका. तीन महिन्यांनी परत तपासा.

दवाखान्यात सफाई करताना वापरलेली सुई टोचली किंवा बलात्कार झाला, तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठा. जितकं लवकर, तितकं चांगलं. २८ दिवस गोळ्या घेतल्या की लागण टाळता येते.

पॉझिटिव्ह निघालं, तरी आयुष्य संपत नाही. 'एआरटी'च्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि त्या लगेच सुरू करतात. रोज न चुकता घेतल्यावर रक्तातले विषाणू चाचणीत दिसणार नाहीत इतके कमी होतात. ते तसे राहिले, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईनं वेळेत औषध घेतलं, तर बहुतेक बाळं निरोगी जन्मतात. म्हणूनच तपासणीला घाबरायचं नाही.

हक्क मोडला तर?

मोठ्या दवाखान्यात आणि कारखान्यात तक्रार अधिकारी असावा, असं कायदा सांगतो. राज्याच्या लोकपालाकडेही तक्रार करता येते. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथं अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळतो. माहितीसाठी १०९७ हा मोफत फोन आहे.

विहारात चर्चेसाठी

येत्या रविवारी वंदनेनंतर हे पान मोठ्यानं वाचा आणि दोन प्रश्नांवर बोला. आपल्या वस्तीत कुणाचा रिपोर्ट समजला, तर आपण तो पुढं सांगतो की तिथंच थांबवतो? आणि नळावर कुणाचा हंडा बाजूला काढला, तर तो परत रांगेत ठेवायला पुढं कोण होईल?

त्या पोरीच्या वेळी मी पुढं झाले नाही. तुम्ही व्हा.

जय भीम. नमो बुद्धाय.