बेडक्याच्या तपासणीत टीबी निघाला, आता पुढे काय?



बेडक्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की बाईच्या मनात आधी औषधाचा विचार येत नाही, "गावात कळलं तर?" हाच येतो. मग आजार लपवला जातो, नाहीतर तिला माहेरी धाडतात आणि उपचार तिथेच तुटतो.

तसं होऊ देऊ नका. रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी आशाताईला गाठा. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. तिथे नि-क्षय पोर्टलवर नोंद होऊन तुम्हाला एक नंबर मिळतो. तो जपा. माहेरी जावंच लागलं तर आधी इथे सांगा, म्हणजे त्याच नंबरवर तिकडच्या आरोग्य केंद्रात औषध चालू राहतं. साखर आणि एचआयव्हीची तपासणीही करतात. ती टीबीच्या सगळ्याच पेशंटची होते, मनात काही आणू नका.

साध्या टीबीचा कोर्स 6 महिन्यांचा असतो. पहिले 2 महिने चार औषधं, पुढचे 4 महिने तीन, आणि घ्यायची रोज. लघवी केशरी होते, ती औषधामुळे. पण उलट्या थांबेनात किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच डॉक्टरांकडे जा. खरी गोम दुसऱ्या महिन्यात आहे. खोकला थांबतो, भूक लागते, शेतात कामाची घाई असते, आणि "आता बरंय की" म्हणत गोळ्या सुटतात. जंतू मात्र पूर्ण मेलेले नसतात. पुढे ते या औषधांना दाद देईनासे होतात आणि उपचार अवघड होऊन बसतो.

एक गोष्ट बायका विचारायला लाजतात, म्हणून इथे लिहिते. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर सिस्टरना नक्की सांगा. टीबीच्या औषधामुळे त्यांचा परिणाम कमी होतो, दुसरं साधन वापरावं लागतं.

टीबी हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. त्यामुळे भांडी वेगळी काढायचं कारण नाही. औषध नीट लागू पडलं की दोनेक आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच कमी होतो. तोवर मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा, शक्य असेल तर वेगळं झोपा. बाळाला मास्क लावून अंगावर पाजत राहा. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. 5 वर्षांखालच्या मुलांना आजार नसला तरी प्रतिबंधक औषध मिळतं, ते टाळू नका.

उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला 1000 रुपये मिळतात (नोव्हेंबर 2024 च्या आधी 500 होते). पैसे बँकेत येतात, म्हणून पासबुक स्वतःचंच द्या, नवऱ्याचं नको. हे पैसे डाळ, अंडी, शेंगदाणे, दुधाचे आहेत. गटाचा हप्ता त्यातून भरू नका. हप्ता जड जात असेल तर बैठकीत मुदत मागा. आजाराचं नाव सगळ्यांसमोर सांगायचं नसेल तर अध्यक्षताईंना एकटीला गाठून सांगा, ठरावात नुसतं "आजारपण" लिहिलं तरी चालतं.

काही अडलं तर 1800-11-6666 वर फोन करा, पैसे लागत नाहीत.