मशीनच्या तोंडावरची डुलकी

दसरा-दिवाळीच्या दिवसांत आमच्या मानवत तालुक्यात रानोरान सोयाबीनच्या सुड्या उभ्या असतात. परतीचा पाऊस कधी गाठेल याचा नेम नसतो. म्हणून मळणीचा नंबर रात्री दोनला लागला तरी कुणी नको म्हणत नाही. ट्रॅक्टरवरचं मळणी यंत्र मी भाड्याने चालवतो. यंत्रात कवळे टाकायला तोंडावर जो माणूस उभा असतो, त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे.

एका पहाटे दुधनेकाठच्या रानात मळणी चालू होती. मधेच यंत्राचा आवाज हलका झाला, नुसतं रिकामं फिरल्यासारखा. पाठोपाठ इंजिन दबलं, काळा धूर निघाला. पुन्हा तेच झालं. मी वळून पाहिलं. तोंडावरचे मामा उभे होते, डोळे उघडे होते, पण हात रिकामे आणि तसेच पुढे धरलेले. क्षणात त्यांनी दचकून मोठा कवळा उचलला आणि तो आत रेटायला हात पुढे नेला. सदऱ्याची बाही आत ओढली जाऊ लागली. मी ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा पीटीओ सोडवला. पण पीटीओ सुटला तरी आतला ड्रम काही वेळ फिरतच राहतो. बाही फाटून तुटली, कोपरापर्यंत साल गेली, हात मात्र वाचला.

“मामा, झोप लागली होती का?”

“न्हाई मालक, जागाच हाय की!”

मामा खोटं बोलत नव्हते. काही सेकंदांची ही झोप मागे आठवण ठेवत नाही. डोळे उघडे असतानाही ती लागू शकते. त्यामुळे “झोप येतेय का?” असं विचारून काही हाती लागत नाही. खूण कामात शोधावी लागते.

सगळ्यात आधी सांगतो तो आवाज. कवळे सारख्या अंतराने पडले की यंत्राचा सूर एकसारखा राहतो. आधी रिकामा, मग दबलेला असा सूर दोनदा झाला की माणूस बदलायचा, वाद घालायचा नाही. म्हणूनच ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावणं मी बंद केलं. गाण्याने झोप थांबत नाही आणि यंत्राचा सूर तेवढा झाकला जातो. पोती शिवणाऱ्याचे टाके पाहा. सरळ चाललेली सुतळी एकाएकी तिरपी गेली, मधला टाका सुटला, तर त्या जागी डोळा लागला होता. तोंडावरच्याने प्रत्येक कवळ्याला हाक द्यावी आणि ताडपत्रीवरच्याने उत्तर द्यावं. हाक चुकली की हात थांबवायचा.

दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्या ब्रिटिश सैनिकांचं लक्ष का ढळतं, हे नॉर्मन मॅकवर्थ यांनी तपासलं. १९४८ साली त्यांनी दाखवलं की एकसुरी कामात अर्ध्या तासातच चुका वाढतात. आपल्या मळणीलाही हाच हिशेब लावावा आणि अर्ध्या तासाने तोंडावरचा माणूस बदलावा. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट मोजली. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला कायद्याने ०.०३ टक्क्यांची मर्यादा आहे. सकाळी सहाला उठून दिवसभर सोयाबीन कापलेला मजूर रात्री अकरालाच १७ तासांवर पोचलेला असतो. मग पहाटे तीनला त्याला तोंडावर कसं उभं करायचं?

तंबाखूवर भरवसा ठेवू नका. चहालाही अंगात उतरायला वीस-तीस मिनिटं लागतात. त्यापेक्षा चहा पिऊन तेवढा वेळ सुडीपासून लांब पाठ टेकू द्या. मात्र उठल्या उठल्या तोंडावर जाऊ देऊ नका. पंधरा मिनिटं पोती उचलू द्या, अंगातली सुस्ती उतरू द्या.

यंत्र घेताना, भाड्याने आणताना कवळे सरकवायचा पत्रा मोजून घ्या. तो किमान ९० सेंटिमीटर लांब हवा आणि त्यातला ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा. मळणी यंत्रांसाठी १९८३ पासून धोकादायक यंत्रांचा केंद्रीय कायदा आहे, तो हात तुटले म्हणूनच आला. लांब पत्रा डुलकी थांबवत नाही, पण डुलकीतला हात ड्रमपर्यंत पोचू देत नाही.

आणि शेतकरी भावांनो, रात्री दोन ते पाच ही शरीराला सगळ्यात गाढ झोप हवी असण्याची वेळ. दवही तेव्हाच पडतं. ओलसर शेंगा नीट फुटत नाहीत, काड ड्रमला गुंडाळतं, ते हाताने रेटावं लागतं, म्हणजे झोपेचा आणि हात आत घालण्याचा मुहूर्त एकच येतो. त्या तीन तासांत माल फारसा निघतही नाही. मी आता दोनला यंत्र बंद करतो आणि ऊन पडून सुडी सुकली की चालू करतो. यंदा नंबर लावताना मशीनवाल्याला हे आधीच सांगा, आणि पावसाची भीती असेल तर सुडीवर दुसरी ताडपत्री टाका.