येत्या दहा वर्षांचा अंदाज

बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे दरवर्षी अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचे व पिकांचे भाकीत जाहीर केले जाते. गुढीपाडव्याला गावोगावी पंचांगातील वर्षफल वाचतात. आपण कॉलेजात शिकणारी मंडळी त्याला हसतो. परंतु मोठमोठ्या अर्थशास्त्रज्ञांनी व शास्त्रज्ञांनी केलेली भाकिते तरी कितपत खरी ठरली, हे सहसा कोणी तपासून पाहत नाही. अर्थशास्त्र हा विषय घेतल्यापासून मला तो छंदच लागला आहे. येत्या दहा वर्षांत, म्हणजे साधारणतः २०३५ पर्यंत, आपला समाज आणि आपली यंत्रे यांचे काय होईल, याचा अंदाज मी येथे करणार आहे. तत्पूर्वी दोन जुनी भाकिते पाहू.

जॉन मेनार्ड केन्स याने १९३० साली, जागतिक मंदीच्या काळात, आपल्या नातवंडांच्या आर्थिक भवितव्यावर एक निबंध लिहिला. शंभर वर्षांत प्रगत देशांचे राहणीमान चार ते आठ पटींनी वाढेल आणि माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल, असे त्याचे म्हणणे. ती शंभर वर्षे २०३० साली पूर्ण होतात. राहणीमानाचा अंदाज बरोबर आला. पंधरा तासांचा आठवडा मात्र कोठेच दिसत नाही. यंत्राने उत्पादन वाढते. ते वाढलेले कोणाच्या पदरात पडावे, हे यंत्र ठरवीत नाही. केन्सने यंत्राची चाल ओळखली, मालकाची ओळखली नाही, असे मला वाटते.

दुसरे भाकीत अमेरिकेतील पॉल एर्लिक यांचे. १९६८ साली 'द पॉप्युलेशन बॉम्ब' या पुस्तकात त्यांनी लिहिले, की १९७० नंतरच्या दशकात कोट्यवधी माणसे उपासमारीने मरतील. गंमत अशी, की त्याच वर्षी भारत सरकारने गव्हाच्या क्रांतीचे टपाल तिकीट काढले. पण नुसत्या गव्हाने हे भाकीत खोटे पाडले असे म्हणता येणार नाही. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, जनावरे मेली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी लोकांनी खाल्ल्या. तरीही एर्लिक म्हणत होते तसे झाले नाही, कारण लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर होती. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव अशी ती कामे. आमची आजी तेव्हा लहान होती. खडी फोडून हाताला आलेल्या घट्ट्यांची गोष्ट ती अजून सांगते. त्याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ साली केंद्राने त्याच धर्तीवर देशासाठी कायदा केला. भाकीत करणाऱ्याने खाणारी तोंडे मोजली, जमीन मोजली. समाजही काही शोध लावू शकतो, हे त्याच्या हिशेबात नव्हते.

आता आपल्याकडचा एक आकडा घ्या. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ६३ टक्के कुटुंबांकडे फोन होता, आणि घरात शौचालय असलेली कुटुंबे होती सुमारे ४७ टक्के. मोबाईलवरून देशातला पहिला संवाद झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी. म्हणजे सोळा वर्षांत फोन शौचालयाच्या पुढे गेला! फोन एकटा माणूस बाजारात जाऊन आणतो. शौचालयाला जागा लागते, पाणी लागते, गटार लागते, ग्रामपंचायत लागते. जी वस्तू माणूस एकटा आणू शकतो ती झपाट्याने येते. जिला चारचौघांची संमती लागते ती रखडते. माझे पुढचे सर्व अंदाज या एकाच सूत्रावर बेतलेले आहेत.

प्रथम ऊसतोडीविषयी, कारण त्यातले मला थोडेफार कळते. माझे आई-वडील मिळून एक कोयता. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते : नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमारास बीडहून निघायचे आणि पाडव्याच्या आगेमागे परतायचे. मी आजीपाशी राहिले म्हणून शाळा सुटली नाही. आता ऊसतोडणी यंत्र आले आहे, सरकार त्याला अनुदानही देते. दहा वर्षांत कोयता नाहीसा होईल काय? माझ्या मते नाही. यंत्राला चार-पाच फुटांची रुंद सरी हवी, वळायला मोकळी जागा हवी, कोरडी जमीन हवी. अर्ध्या-पाऊण एकराच्या तुकड्यात, ओल्या काळ्या रानात, लोळलेल्या उसात ते अडते. शिवाय यंत्र पाचट आणि वाढे यांचा चुरा करून रानातच टाकते. वाढ्यांवर जगणारी गुरे आणि वाढे विकून मीठमिरची आणणाऱ्या बाया यांचे काय, हे कोणी विचारीत नाही. शेजारच्या चार बांधकऱ्यांनी सरी सारख्या अंतरावर पाडायची ठरवल्याशिवाय यंत्र सर्वत्र पोचणार नाही, आणि बांधकरी एकमताने काही ठरवतात असे मी तरी अजून पाहिलेले नाही. तेव्हा मोठ्या सलग रानांत यंत्र जाईल आणि अडचणीचे फड कोयत्याला उरतील. काम तेवढेच अवघड, पण उचल ठरवताना मुकादम यंत्राकडे बोट दाखवील. दुसऱ्या बाजूने, कोयत्याची मुले फडात जायला तयार नाहीत. माझा धाकटा भाऊ तर मुळीच नाही. यंत्र आल्याने मजूर जाईल, की मजूर मिळेनासा झाला म्हणून यंत्र येईल, हे दोन्ही एकाच वेळी घडते आहे.

लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या यंत्राचे तसे नाही. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. त्याला सरी लागत नाही, बांध लागत नाही. फोन पुरतो, आणि फोन घरोघरी आहे. म्हणून ही कृत्रिम बुद्धिमत्ता ऊसतोडणी यंत्राच्या कितीतरी आधी आपल्या दारात उभी राहील. मराठीत बोलून अर्ज भरता येईल, सात-बाराचा अर्थ विचारता येईल. माझ्या आईसारख्या अंगठा उठवणाऱ्या बाईला हे वरदानच ठरेल. परंतु आमच्या वर्गातील निम्मी मुले क्लार्क, तलाठी, बँक यांच्या परीक्षांची तयारी करीत आहेत, त्यांचे काय? बँकांचे उदाहरण पाहावे. १९८३ साली संघटनांशी करार होऊन बँकांत संगणकाला वाट मिळाली. पुढे २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतील सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. खुर्चीवर बसलेल्याला काही ना काही मिळाले. रिकाम्या झालेल्या खुर्चीवर कोण बसणार होता, त्याचे नाव कोणत्याच करारात नसते. येत्या दहा वर्षांतही नोकऱ्या गेल्याच्या बातम्या फारशा येणार नाहीत, असा माझा अंदाज आहे; जाहिराती तेवढ्या कमी निघतील. रांगेत उभे असलेले आपण आहोत, वाचकहो!

सगळ्यांत खात्रीचा अंदाज यंत्राविषयी नाहीच. २०३५ साली जो वीस वर्षांचा असेल तो आज प्राथमिक शाळेत आहे. त्याची मोजदाद आताच करता येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आहेत. लोकसंख्या टिकायला २.१ लागतात. एर्लिक यांची चिंता एका पिढीत उलटी झाली म्हणायची. जिल्हा परिषद शाळांचा पट घटत जाईल, आणि गावात राहतील ती म्हातारी माणसे. मुलगा पुण्याला, मुलगी सासरी. फोन त्यांना गोळ्यांची वेळ सांगेल, रात्री गप्पाही मारील. उचलून तालुक्याच्या दवाखान्यात मात्र नेणार नाही.

येथे १९७२ सारखाच एखादा सामाजिक शोध लागेल, असे माझे सर्वांत धाडसी भाकीत आहे. म्हाताऱ्यांची देखभाल हे रोजगार हमीसारखे मजुरीचे काम मानले जाईल आणि २०३५ च्या आत एखादे राज्य ते गावपातळीवर सुरू करील. फडातून परतलेल्या बायांना ते काम जमेल. आजवर फुकट तेच तर केले त्यांनी. ही योजना कोणत्या पक्षाचे सरकार आणील, या भानगडीत मी पडत नाही. ते भेंडवळकरांनी सांगावे.