धूळ राहिली तर राहू दे

काळी गाडी घेतलीस ना शेवटी! मला आधी विचारलं असतंस तर पांढरीच घे म्हटलं असतं. असू दे. माझीही पहिली काळीच होती, आणि वर्षभरात मी तिची जी दशा केली त्यावरून तुझे भाऊजी अजून टोमणे मारतात. म्हणून सांगते, बाकी काही केलं नाहीस तरी चालेल, पण सकाळी सोसायटीत गाड्या पुसायला येणाऱ्या काकांना आजच सांग: काचा पुसा, आरसे पुसा, बॉडीला फडकं लावू नका. पैसे मात्र तेवढेच दे हो. एक बादली, एक फडकं आणि वीस गाड्या, ते तरी काय करणार?

अगं, रंगावरचा तो चकाकणारा पारदर्शक थर असतो ना, क्लिअर कोट, तो जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्यावरचा केससुद्धा बहुधा त्याहून जाड. आणि आपल्याकडची धूळ म्हणजे रोज कुठे ना कुठे चाललेल्या बांधकामाची रेती. कोरडं फडकं फिरवलं की ती तशीच रंगावर घासली जाते. उन्हात उभी राहून बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक चरे दिसतात. काळ्या रंगावर तर लपतच नाहीत. मग पॉलिशवाला म्हणतो, चरे घालवून देतो. घालवतो म्हणजे काय, तर आजूबाजूचा थर घासून चऱ्याच्या पातळीला आणतो. असं कितीदा करणार?

तेव्हा धुवायचीच. सावलीत, बॉनेट गार झाल्यावर. आधी नुसत्या पाण्याने रेती वाहून जाऊ दे. मग दोन बादल्या घे, एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा. टपापासून खाली ये, चाकं शेवटी. भांड्याचा साबण नको, वॅक्स धुऊन काढतो. आणि तुमच्याकडे बोअरचं पाणी, ते अंगावर सुकू दिलंस की क्षारांचे पांढरे ठिपके बसलेच. मायक्रोफायबरने लगेच टिपून घे. ते जमिनीवर पडलं तर त्या दिवसापुरतं बाद, झटकून वापरू नकोस.

पक्ष्याची घाण दिसली की मात्र रविवारची वाट बघू नकोस. ओला टिश्यू पाच मिनिटं ठेव, मऊ झाली की उचल. उन्हाळ्यात तिचा डाग काही तासांत रंगात उतरतो.

आई बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढणारच, काढू दे. कोरडं घासू नकोस म्हणजे झालं. हळदीचा पिवळेपणा उन्हानेच उडतो. दसऱ्याला झेंडूचा हार तेवढा तारेत ओवलेला घेऊ नकोस.

आणि ते सिरॅमिक कोटिंग. डिलिव्हरीच्या दिवशी गळ्यात मारतात, ‘९एच’ म्हणजे जणू हिराच! अगं, ती पेन्सिलीच्या कडकपणाची मोजपट्टी आहे. पाणी छान ओघळतं, धुणं सोपं होतं, पण हायवेवर उडालेला खडा त्याने थांबत नाही. मी भरपूर पैसे मोजले, आणि पठ्ठ्यांनी आधीच्या चऱ्यांवरच कोटिंग चढवून दिलं. तू आधी दर दोन-तीन महिन्यांनी वॅक्स करून बघ.

रविवारी मी येतेच, नळी घेऊन. तोवर धुळीत बोटाने नावं गिरवणारी सोसायटीतली पोरं तेवढी हाकल. त्या बोटानेही चरा पडतो.